किलोमीटरला पाच एकेचाळीस

मी बसगाड्यांची वेळापत्रकं करतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुठल्या थांब्यावर कधी यायची आणि शेवटच्या थांब्यावर किती मिनिटांत पोहोचायची, हे सगळं मी डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ठरवतो. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. सायकल येते, पण चढ आला की मी उतरतो आणि ती हातात धरून चालतो. तरीही दोनशे चाळीस ड्रायव्हरांनी दिवसभर गाडी किती वेगाने हाकायची हे मी सांगतो आणि त्यांना ते ऐकावं लागतं. तोंडावर ते मला 'साहेब' म्हणतात, पाठीमागे 'मिनिटराव'. हे नाव मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचंसुद्धा.

एवढं सांगायचं कारण असं, की वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी मॅरेथॉन पळायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात शंका म्हणून नव्हती. कसं पळायचं ते कुणी शिकवलं असतं तर मी ऐकलं असतं. पण किती वेगाने पळायचं, हे मला कोण शिकवणार?

ठरवलं ते मेहुण्यामुळे. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवून गप्प बसवायची सवय असल्यामुळे घरी आला की एकटाच बोलतो. त्या रविवारी जेवताना त्याने जाहीर केलं, की यंदा तो आपल्या शहरातली मॅरेथॉन पळणार आहे, आणि चार तासांच्या आत.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, तुम्हीपण पळता ना हल्ली? तुम्ही छोटी करा. पाच किलोमीटरची असते, घरच्या मंडळींसाठी. फुगेबिगे देतात."

फुगे मला झोंबले.

"मी पूर्ण पळतोय," मी म्हणालो. "चार तासांतच."

बायकोचा वाढायचा हात तसाच राहिला. "कधी ठरलं हे?"

'आत्ता, तुझ्या भावाने फुगे म्हटलं तेव्हा,' असं म्हणायची सोय नव्हती. "बरेच दिवस डोक्यात होतं," मी म्हणालो.

वर्षभर मी पळत होतो हे खरं, पण कसं, तर आठवड्यातून तीनदा बागेभोवती, दम लागला की थांबायचं आणि कुणी ओळखीचं दिसलं की पुन्हा सुरू करायचं. आता मात्र मी शास्त्रशुद्ध कामाला लागलो. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं, भागिले चार तास. एका किलोमीटरला पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद. भागाकार मला उत्तम येतो. मग दोन-चार पुस्तकं चाळली. सगळ्यांचं म्हणणं एकच. सरावाचे वेग मनाला येतील तसे ठरवायचे नाहीत. आधी दहा किलोमीटर जीव तोडून पळायचं आणि त्या वेळेवरून बाकीचे वेग काढायचे. म्हणजे मोजमाप आधी आणि तक्ता नंतर. हे तर माझंच काम.

दहा किलोमीटर कुठे सापडणार हा प्रश्नच नव्हता. डेपोच्या दप्तरात अकरा नंबरच्या मार्गाची लांबी बरोबर दहा किलोमीटर लिहिलेली आहे. टेकडीवरच्या इस्पितळापासून खाली नदीच्या पुलापर्यंत. मी सकाळची पहिली गाडी पकडून वर गेलो. गाडीवर होत्या अकरावाल्या ताई. गेली कित्येक वर्षं याच मार्गावर आहेत, म्हणून सगळा डेपो त्यांना याच नावाने ओळखतो. आरशातून त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"साहेब, इतक्या सकाळी इस्पितळात? घरचं कुणी…?"

"नाही, नाही. पळायला आलोय. इथून खाली पुलापर्यंत."

"असं होय," त्या म्हणाल्या. पुढे काहीतरी म्हणणार होत्या, पण मी चड्डीची नाडी घट्ट करण्यात गुंतलो होतो.

त्या दिवशी मी जो काही पळालो, तसा आजवर कधी पळालो नव्हतो. पाय आपोआप पडत होते. पाठीवर वारा होता. पुलापाशी घड्याळ दाबलं तेव्हा बावन्न मिनिटं आठ सेकंद! पुस्तकातल्या कोष्टकात बावन्न मिनिटांसमोर पाहिलं, तर मॅरेथॉनची अपेक्षित वेळ चार तास. जेवणाच्या टेबलावर रागाच्या भरात मारलेली थाप शास्त्राने खरी ठरवली होती. त्या दिवशी मी घरात शीळ घालत फिरलो.

तक्ता केला तो चार रंगांत. सावकाश पळायचं तेव्हा किलोमीटरला सहा वीस. मॅरेथॉनचा वेग पाच एकेचाळीस. नेटाने पळायचं तेव्हा पाच वीस. आणि छोट्या छोट्या झपाट्यांना पाच मिनिटं. सोळा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, प्रत्येक दिवसाचा चौकोन. तो स्वयंपाकघरात फ्रीजच्या दारावर चिकटवला. माझी बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिने चार पावलं मागे जाऊन तक्ता वाचला.

"अक्षर अगदी सुवाच्य आहे," ती म्हणाली. "जमणार आहे का?"

"न जमायला काय झालं? सगळं मोजून केलंय."

पहिला आठवडा जमला. दुसऱ्या आठवड्यात नेटाचा दिवस अर्ध्यातच सोडला, तर दोष बुटांना दिला. नवे बूट आणले. तिसऱ्या आठवड्यात मोज्यांना दिला. चौथ्यात उकाडा होता आणि पाचव्यात घड्याळ, कारण ते सारखं मी हळू पळतोय असं दाखवत होतं. मी घड्याळ बदलून घ्यायला दुकानात गेलो. दुकानदाराने माझं आणि दुकानातलं अशी दोन घड्याळं शेजारी ठेवून सेकंद जुळवून दाखवले आणि विचारलं, "तक्रार नेमकी काय आहे?" मी म्हटलं, "पट्टा टोचतो."

सावकाश दिवस सगळ्यांत वाईट जायचे. पुस्तकात लिहिलं होतं, की सावकाश पळताना सहज गप्पा मारता आल्या पाहिजेत. हे तपासायला एका सकाळी बायको सायकल घेऊन शेजारून निघाली. मी सहा वीसच्या वेगाने पळत होतो. म्हणजे माझ्या हिशेबाने रमतगमत.

"नव्या चादरी घ्यायच्यात," ती म्हणाली. "निळ्या घेऊ?"

"हं."

"की राखाडी?"

"हं."

"अहो, निळ्या की राखाडी?"

"हं… हं."

 मग म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. तुम्ही इतका वेळ माझं मध्ये न तोडता ऐकून घेतलेलं हे पहिल्यांदाच." त्या संध्याकाळी घरात दोन्ही रंगांच्या चादरी आल्या.

सहाव्या आठवड्यापर्यंत माझा पार चोथा झाला होता. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या डोळा लागायचा. अशाच एका दुपारी मी चार नंबरच्या मार्गाचं नवं वेळापत्रक केलं, सही केली आणि छापायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी खाली ड्रायव्हरांच्या खोलीत हा हशा. माझ्या वेळापत्रकात चार नंबरची गाडी आठ एकवीसला सुटत होती आणि आठ बाराला पोहोचत होती. कुणीतरी तो कागद फळ्यावर लावून खाली लिहिलं होतं, 'मिनिटराव स्वतः चालवणार.' मी कागद काढायला खाली गेलो. जिना उतरताना पोटरीत असा गोळा आला, की कठडा धरून एका पायावर उभा राहिलो. खालून दहा-बारा जण अत्यंत आदराने माझ्याकडे बघत होते.

आठव्या आठवड्यात सव्वीस किलोमीटरची लांब दौड होती. एकोणीस झाले आणि पाय संपले. दमलो म्हणत नाही मी, संपले. रस्त्याकडेला अकरा नंबरचा थांबा होता, त्याच्या बाकावर जाऊन बसलो. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी सरकून जागा दिली आणि न विचारताच आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी तेव्हा कसा दिसत असेन याचा मला अंदाज आला.

तेवढ्यात गाडी आली. दार उघडलं. स्टिअरिंगवर अकरावाल्या ताई.

"चला साहेब, बसा," त्या म्हणाल्या.

मी आजोबांच्या मागोमाग चढलो आणि ताईंच्या मागच्या सीटवर बसलो. ताईंनी आरशातून बघून विचारलं, "काय झालं?"

"वेग राखता येत नाहीये. तक्ता बरोबर आहे, पण शरीर साथ देत नाही."

"कसला तक्ता?"

मी सांगितलं. दहा किलोमीटर, बावन्न मिनिटं, त्यावरून काढलेले चार वेग. त्यांनी गाडी सिग्नलला थांबवली आणि यावेळी आरशातून नाही, मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ते दहा किलोमीटर म्हणजे इस्पितळाकडून खाली आलात तेच ना?"

"हो."

"साहेब, तो सगळा उतार आहे."

"थोडाफार असेल."

"थोडाफार? पुलापर्यंत मी पाय ब्रेकवरच ठेवून येते! त्या दिवशी म्हणणारच होते मी, की पळायचं तर वर पळा. म्हटलं, साहेबांनी काहीतरी विचार केला असेल."

मी सव्वीस वर्षांची नोकरी पणाला लावून म्हणालो, "पण अंतर तेच आहे ना? जातानाही दहा, येतानाही दहा."

समोरच्या सीटवरच्या एक बाई वळून हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत.

"हेच तुम्ही आमच्या अर्जावर लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "जायला चौतीस मिनिटं, यायला चौतीस मिनिटं. आम्ही तीनदा अर्ज केला, वर जाताना वेळ पुरत नाही म्हणून. तुम्ही तिन्ही वेळा लिहिलंत, 'तपासले. वेळ पुरेसा आहे.' गाडीला इंजिन आहे, तरी ती चौतीस मिनिटांत चढत नाही. तुम्ही उताराचा वेग सगळीकडे कसा राखणार?"

सिग्नल सुटला.  ते तिन्ही अर्ज मला आठवत होते. तपासलं होतं तेही आठवत होतं. एका रविवारी गर्दी नसताना मी त्या मार्गाच्या गाडीत बसून वेळ घेतली होती, इस्पितळात एका नातेवाइकाला भेटून परत येताना. म्हणजे खाली येताना.

तरीही माझा लगेच विश्वास बसला असं नाही. माणूस इतक्या लवकर शहाणा होत असता तर त्याला मेहुणे लागले नसते. खात्री करायला मी शाळेच्या मैदानावर गेलो. तिथे चारशे मीटरची आखलेली फेरी आहे. सपाट, म्हणजे चेंडू ठेवला तर जागचा हलत नाही इतकं सपाट. पंचवीस फेऱ्या झाल्या की दहा किलोमीटर. बायको मोजायला आली. तिने कुंपणाच्या तारेला कपड्यांचे पंचवीस चिमटे लावले आणि माझ्या प्रत्येक फेरीला एक काढून पिशवीत टाकायला सुरुवात केली.

जीव तोडून पळालो. शेवटचा चिमटा निघाला तेव्हा साठ मिनिटं चव्वेचाळीस सेकंद झाले होते.

"तू एक फेरी मोजायची विसरलीस," मी गवतावर आडवा होऊन म्हणालो. "सव्वीस झाल्या."

तिने पिशवी माझ्या पोटावर पालथी केली. "मोजा."

मी मोजले. दोनदा. पंचवीसच होते.

घरी येऊन नवा तक्ता केला. यावेळी एकाच रंगात. सावकाश साडेसात मिनिटं. मॅरेथॉनचा वेग सहा चाळीस. नेटाचा सहा पंधरा. झपाटे पाच पन्नास. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर कळलं, की दोन महिने मी ज्याला रमतगमत म्हणत होतो तो माझा जवळजवळ नेटाचा वेग होता. म्हणजे मी रोजच शर्यत पळत होतो आणि रोज हरत होतो. अपेक्षित वेळ निघाली चार तास एकेचाळीस मिनिटं. ती मी पेन्सिलीने लिहिली आणि फ्रीजवर चुंबक असा लावला, की ती झाकली जावी.

साडेसातच्या वेगाने पळणं हे पायांना सोपं असलं तरी अब्रूला फार अवघड असतं. बाबागाडी ढकलणाऱ्या दोन मैत्रिणी गप्पा मारत माझ्या पुढे गेल्या. एकदा तर कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ बरोबरीने चालत राहिले आणि त्यांनी मला वाट विचारली. सुरुवातीला कुणी ओळखीचं दिसलं की मी एखाद्या बसथांब्याशी थांबून खांबावरची पाटी वाचायचो, जणू सरकारी पाहणीवर आहे. पण दोन आठवड्यांत पोटऱ्या सैल झाल्या. दुपारची झोप गेली. लांब दौडीचे अठ्ठावीस किलोमीटर पुरे झाले आणि घरी आल्यावर मी स्वतःच्या पायांनी जिना चढलो. आणि एका सकाळी सायकलवरच्या बायकोशी मी सबंध अर्धा तास तिच्या भावाविषयी बोललो. शेवटी तीच म्हणाली, "आता जरा जोरात पळा."

त्याच आठवड्यात मी तीन दिवस अकरा नंबरने वर गेलो. हातात घड्याळ घेऊन, पुलापासून इस्पितळापर्यंत. एकदा चाळीस मिनिटं, एकदा त्रेचाळीस, एकदा एकेचाळीस. डेपोप्रमुखांकडे गेलो आणि म्हणालो, की वर जायला एकेचाळीस मिनिटं द्यायला हवीत. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्या मार्गावर एक गाडी वाढवावी लागेल. अकरा वर्षं चौतीस चालले ना?"

"चालले नाहीत. रोज उशीर होत होता आणि आपण तो ड्रायव्हरांच्या नावावर लिहीत होतो."

"पण तुम्हीच तर तपासलं होतंत."

"उलटं तपासलं होतं," मी म्हणालो. माझ्या नोकरीत इतकं लाजिरवाणं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही. डेपोप्रमुखांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "लेखी द्या." मी लेखी दिलं. 'उलटे तपासले' असे शब्द कार्यालयीन भाषेत बसवायला मला अख्खी दुपार लागली.

महिन्याभराने नवं वेळापत्रक लागलं. मी ते स्वतः खाली नेऊन अकरावाल्या ताईंच्या हातात दिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी वर जायची वेळ वाचली, खाली यायची वाचली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशातून एक अर्ज काढला.

"हा सहा नंबरचा," त्या म्हणाल्या. "तिथे बाजाराचा रस्ता आहे. बघून घ्या. दोन्हीकडून."

मॅरेथॉनच्या दिवशी मेहुणा पुढच्या गटात उभा राहिला आणि मी मागच्या. मी मनाशी पक्कं केलं होतं, सहा चाळीस म्हणजे सहा चाळीस. अकरा किलोमीटर मी इतका शिस्तीत पळालो, की स्वतःचाच अभिमान वाटू लागला. मग गाजर आलं. गाजराचा वेष घातलेला एक माणूस, डोक्यावर हिरवा तुरा, माझ्या डावीकडून आरामात पुढे निघून गेला आणि रस्त्याकडेची माणसं टाळ्या वाजवून त्याला 'गाजर! गाजर!' करू लागली. मी अनेक गोष्टी सहन करू शकतो. पण भाजीने मागे टाकावं हे मला सोसवलं नाही. पुढचे चार किलोमीटर मी सहा-पाचच्या वेगाने त्या हिरव्या तुऱ्याच्या मागे धावलो. मग तुरा गर्दीत दिसेनासा झाला आणि मी भानावर आलो.

त्या चार किलोमीटरांचं उत्तर चौतिसाव्या किलोमीटरला मिळालं. तिथून पुढे पळणं कमी आणि स्वतःची समजूत काढणं जास्त. या खांबापर्यंत पळ, मग चाल. त्या खांबापर्यंत चाल, मग बघू. अडतिसाव्याला एका बाईंनी केळं दिलं. सोलता येईना. त्यांनीच सोलून दिलं आणि लहान मुलाला देतात तसं अर्धं मोडून हातात ठेवलं. मी रडलो नाही. नाक मात्र बराच वेळ पुसत होतो.

चार तास बावन्न मिनिटं. शेवटच्या रेषेपलीकडे बायको उभी होती, दुकानातला चष्मा पुसायचा फडका घेऊन. त्यानेच तिने माझं तोंड पुसलं. मेहुणा तिथेच फुटपाथवर बूट काढून बसला होता. चार तास अकरा मिनिटं. दोन्ही टाचांना फोड आलेले.

मी त्याच्या शेजारी बसलो. म्हणजे बसायला खाली गेलो आणि उरलेलं अंतर पडलो.

"चारच्या आत यायचं होतं," तो म्हणाला.

"मलापण," मी म्हणालो.

बराच वेळ तो काहीच बोलला नाही. त्याला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच.

गाजराचं नाव मी नंतर निकालाच्या यादीत शोधून काढलं. चार तास अठ्ठावीस. पेशाने शाळेतले गणिताचे शिक्षक. ते समजल्यावर मात्र माझी काही तक्रार उरली नाही.

सोमवारी रजा होती. मंगळवारी कामावर गेलो. दुसऱ्या मजल्यावर चढून गेलो ते ठीक, पण दुपारी खाली उतरायची वेळ आली तेव्हा मांड्यांनी साफ नकार दिला. शेवटी भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी उलटा उतरलो. खाली ड्रायव्हरांची सुट्टी झाली होती. सगळे चहाचे पेले हातात धरून बघत उभे.

"किती वेळ लागला, साहेब?" कुणीतरी विचारलं.

"चार बावन्न," मी भिंतीला सांगितलं.

"नाही, जिन्याला."